भांडणांनी राखलेले पूर्वज

कुलमंडळाच्या बैठकीला नवखा माणूस आला की तिथले जाणते त्याला हमखास विचारतात, "तुमच्या घराण्यात वतनावरून, वाटणीवरून कधी भांडण झालं होतं का हो?" नवखा बिचकतो. घरची भांडणं चारचौघांत कोण सांगणार? "छे छे, आमच्याकडे तसलं काही नव्हतं," असं तो घाईघाईने सांगून टाकतो, आणि समोरच्यांचे चेहरे पडतात. भांडण नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर पणजोबांच्या पलीकडे अंधार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

पुढच्या पिढ्यांना आपली नावं कळावीत म्हणून आपल्याकडे फारसं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. तरीही तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या खेड्यातल्या पाटलाची, त्याच्या भावांची आणि बिनवारस मेलेल्या चुलत्याची नावं आज सापडतात. कुणाला तरी, कुठल्या तरी स्वार्थासाठी, ती लिहिणं भाग पडलं होतं. तो स्वार्थ कोणता हे ओळखता आलं की कागद कुठे असेल याचा अंदाज येतो. वंशावळ शोधण्यातली निम्मी कला एवढीच आहे.

कुलमंडळ म्हणजे एका आडनावाच्या, बहुधा एका गोत्राच्या आणि कुलदैवताच्या घरांनी मिळून काढलेली संस्था. वर्षातून एखादं संमेलन, कुलदैवताची यात्रा, दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार, आणि या सगळ्याच्या मुळाशी 'कुलवृत्तांत' नावाचा जाडजूड ग्रंथ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणस्थ घराण्यांनी असे ग्रंथ छापण्याचा सपाटा लावला, मग इतर ज्ञातींतही ते निघू लागले. काम करणारे बहुतेक पेन्शनर. त्यांच्यापुढची पहिली अडचण फार मजेची असते. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे गोविंद विनायक, विनायक गोविंद, पुन्हा गोविंद विनायक असं रहाटगाडगं चालू राहतं. एकाच गावात दोन शाखा, दोन्हींत गोविंद विनायक. मग आपला कोणता? निकाल लागतो तो बायकोच्या माहेरावरून. एकाची सासुरवाडी गुहागरची, दुसऱ्याची राजापूरची. ज्या ग्रंथात वंश पुरुषांवरून मोजला जातो, तिथे गुंता सोडवणारी खूण बहुतेक वेळा सुनेची असते.

आता भांडणांकडे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतनं वंशपरंपरेची, म्हणजे हक्क सांगायचा तर वंश सिद्ध करायला हवा. दावा उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापला 'करीना' लिहून देत : मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, दुष्काळात गाव कुणी सोडलं, मागे राहिलेल्याने वतन कसं बळकावलं. मग गोत, म्हणजे निवाडा करणारी सभा, बसे. गावचे वतनदार आणि बलुतेदार साक्षीला असत आणि निवाड्याच्या महजरावर आपापली निशाणी करत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचीही हजेरी अशी कागदावर लागली. दोन्ही करीने खरे असणं अर्थातच शक्य नव्हतं. साक्षीपुराव्याने भागलं नाही तर दिव्य करावं लागे. रवादिव्यात उकळत्या तेलातून किंवा तुपातून हाताने धातूचा तुकडा काढायचा, मग हात बांधून त्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी तो उघडून पाहायचा. हात भाजला तर दावा खोटा. आपल्याला अमुक खापरपणजोबा होते हे सांगण्यासाठी माणसं तेलात हात घालत होती! आज आपण रविवारी सकाळी चहा पीत तीच नावं वाचतो.

पुढे इंग्रज आले आणि इनामांवर त्यांची नजर गेली. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि इनाम कुणाला, कधी, कशासाठी मिळालं याचे पुरावे मागणं सुरू झालं. लोकांनी कमिशनच्या नावाने बोटं मोडली, ती रास्तच होती. पण जमीन वाचवण्यासाठी घराघराने वंशावळी लिहून दिल्या, त्या राहिल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि इतिहासकार राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही अशा कागदांची मोठी ठिकाणं.

पण कागद हाती आला म्हणजे वाचता येतो असं नाही. तो असतो मोडीत. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं, ही मोडीची चाल. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. कुलमंडळात मोडी जाणणारी एखादी बाई किंवा गृहस्थ असला तर त्याचा मान अध्यक्षांपेक्षा मोठा असतो, आणि असायलाच हवा.

मोडी लागली तरी तारीख अडवते. समजा कागदावर लिहिलंय, 'सन इहिदे सितैन मया व अलफ'. हा मंत्र नाही, आकडा आहे. अरबीत इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज करा : ११६१. हे सुहूर सन. इसवी सन काढायला यात ५९९ मिळवायचे, तर आलं १७६०. पण हे वर्ष जानेवारीत बदलत नाही. ते बदलतं मृग नक्षत्र लागलं की, शेतकऱ्याच्या वर्षाबरोबर. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच इहिदे सितैनातली. आणि ५९९च का? इस्लामी हिजरी वर्ष चांद्र, ते ऋतूंशी जुळत नाही, आणि शेतसारा तर पिकावर घ्यायचा. म्हणून १३४४ साली, तेव्हा चालू असलेल्या हिजरी ७४५ला धरून, तिथून पुढची वर्षं सौर मानाने मोजायला सुरुवात झाली. १३४४मधून ७४५ वजा करून पाहा. दिल्लीच्या एका सुलतानाच्या वसुलीची सोय शिवाजी महाराजांच्या आणि पेशव्यांच्या कागदांतून चालत आली आणि आपल्या खापरपणजोबांच्या वाटणीपत्रावर येऊन बसली.

वतन नव्हतं, इनाम नव्हतं, अशांचं काय? त्यांच्यासाठी तीर्थोपाध्याय. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेल्यावर आडनाव आणि मूळ गाव सांगायचं. आपल्या गावाचे उपाध्ये कोण हे तिथले लोक सांगतात, आणि ते लांबट वह्या काढतात. नाशकात त्यांना नामावळी म्हणतात. पूर्वी आलेल्या यात्रेकरूने स्वतः लिहिलेला किंवा सांगून लिहवलेला मजकूर त्यात असतो : आपलं नाव, बापाचं, आजाचं, भाऊ, मुलगे, बरोबर आलेली आई, बायको. खाली सही. ज्या पणजोबांचा फोटोही घरात नाही, त्यांचं अक्षर अचानक समोर येतं आणि धडधाकट माणसाच्याही डोळ्यांत पाणी उभं राहतं. यामागचा स्वार्थ सरळ आहे. वहीत ज्याचं कूळ, दक्षिणा त्याची. म्हणून या वह्या म्हणजे मिळकत. भावाभावांत त्यांच्या वाटण्या होतात, आणि त्यावरूनही वाद होतातच.

सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात तर वही आपल्या दारी येते. हेळवी लोक सुगीनंतर गावोगाव फिरतात, घराण्याची मूळ शाखा कोणती, कुठून उठून कुठे आली ते म्हणून दाखवतात, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं चढवून घेतात आणि धान्य, भांडं, कधी जनावर घेऊन पुढे जातात. ब्राह्मण-देशमुखांपलीकडच्या कितीतरी शेतकरी घरांचा इतिहास त्यांनी राखला. छापील कुलवृत्तांतांचं कौतुक करताना या माणसांना आपण विसरतो, हे मला खटकतं.

आणि अलीकडचा स्वार्थ तर सगळ्यांनी पाहिला. २०२३मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांतली, शाळांतली बासनं सुटली. जन्ममृत्यूची गाव नमुना १४ची पुस्तकं, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि शाळेची जनरल रजिस्टरं यांत लोकांनी कधी न ऐकलेली आपलीच नावं वाचली. मोडी वाचणाऱ्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता असा भाव आला. कुणबी असल्याचा दाखला मिळो न मिळो, पणजीला झालेली आणि लहानपणीच गेलेली दोन मुलं अनेक घरांना तेव्हा पहिल्यांदा कळली.

यातला सर्वांत चमत्कारिक मासला समुद्रापलीकडचा आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातली गरीब माणसं करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. गावात त्यांच्या नावाचा कपटाही नव्हता. पण मजूर पळून गेला तर ओळखता यावा म्हणून तिथल्या सरकारने त्याचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव आणि जहाज हे सगळं टिपून घेतलं, आणि पुढे त्याचे फोटोही काढले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरं आहेत. मॉरिशसचे मराठी लोक त्यांवरून आपलं मूळ गाव शोधतात. मळेवाल्यांच्या संशयामुळे त्यांच्या हाती जे लागलं, ते इथे मागे राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांकडे नाही.

एवढं सगळं जमवून दहा पिढ्यांची वंशावळ भिंतीवर लागली की मन भरून येतं. तेव्हा जरा हिशेब करावा. आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांचे आईबाप आठ. दहाव्या पिढीत १,०२४. भिंतीवर त्यांतला दिसतो एक. विसाव्या पिढीत साडेदहा लाखांच्या घरात आणि तिसाव्या पिढीत, म्हणजे साधारण यादवांच्या काळात, १०७ कोटींवर. तेव्हा सगळ्या जगात मिळून इतकी माणसं नव्हती. याचा अर्थ तीच माणसं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वाटांनी आपले पूर्वज झालेली आहेत. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात हे लगेच दिसतं : त्या जोडप्याच्या मुलांना पणजोबा-पणज्या आठ नसतात, सहाच असतात. मागे जावं तशी आडनावांची कुंपणं कोलमडतात, आणि आपल्याला कुलवृत्तांत दाखवणाऱ्या भलत्याच आडनावाच्या माणसाशी आपलं रक्ताचं नातं निघण्याची शक्यता वाढत जाते.

बाकीच्या १,०२३ जणांकडे जायचं तर वाट बायकांवरून जाते, आणि तिथे श्राद्ध मदतीला येतं. पितृपक्षातल्या महालयात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी, आणि आईच्या माहेरचे तिघे व त्यांच्या बायका अशी नावं घ्यायची असतात. शिवाय काका, मामा, आत्या, मावशी, सासरे. म्हणून अनेक घरांत नावं आणि तिथी टिपलेली एक वही असते. साल बहुधा नसतं, कारण श्राद्धाला तिथी पुरते. पण कुलवृत्तांताने सोडून दिलेली आईची आजी या वहीत भेटते.

तिचं माहेर कळलं की त्या आडनावाच्या कुलमंडळाचा ग्रंथ मागवायचा आणि आपल्या ग्रंथाशेजारी उघडून ठेवायचा. आपल्याकडे ती सून म्हणून लक्ष्मीबाई, तिकडे मुलगी म्हणून कृष्णा, आणि पुढे नुसतं 'दिल्या घरी' आपलं आडनाव. लग्नाचा शक दोन्हीकडे जुळला की सांधा बसला. काही कुलमंडळं आता हे काम संगणकावर करू लागली आहेत. मुलींच्या रकान्यात नवऱ्याच्या आडनावाबरोबर त्याचं पूर्ण नाव आणि गावही लिहा, एवढी मागणी मात्र बैठकीत दरवेळी कुणीतरी करतं, आणि ती दरवेळी पुढच्या आवृत्तीवर ढकलली जाते.