छपराची पट्टी आणि विम्याचा हप्ता

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील मायामी हे शहर अगदी समुद्रकाठी वसले आहे. 24 ऑगस्ट 1992 रोजी पहाटे ‘अँड्र्यू’ नावाचे चक्री वादळ या शहराच्या दक्षिणेकडील भागावर आदळले. हजारो घरे जमीनदोस्त झाली. त्यापाठोपाठ आणखी एक पडझड झाली. अकरा विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले!

नुकसान भरून देणे हाच तर विमा कंपनीचा धंदा. मग त्या बुडाल्या कशा? थोडे गणित करून पाहू. समजा, एका शहरात प्रत्येकी एक लाख डॉलर किमतीची 1000 घरे आहेत आणि वर्षाला सरासरीने 2 घरे आगीत जळतात. म्हणजे नुकसान दोन लाखांचे. प्रत्येकाने वर्षाला 200 डॉलर हप्ता भरला की काम भागले. (कंपनीचा खर्च व नफा तूर्त बाजूला ठेवू.) एक घर पेटले म्हणून चार गल्ल्यांपलीकडचे पेटत नाही. विम्याची सारी मेख इथेच आहे. वादळ मात्र असे एकेक घर निवडत बसत नाही. एका रात्रीत 100 घरे गेली, तर कंपनीला एक कोटी डॉलर द्यावे लागतील. म्हणजे तब्बल 50 वर्षांचे हप्ते!

म्हणून विमा कंपन्याही आपला विमा उतरवतात. याला ‘पुनर्विमा’ म्हणतात. फ्लॉरिडातील वादळ आणि जपानमधील भूकंप यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. असे दूरदूरचे धोके एकत्र केले, की आपले आगीचे गणित पुन्हा लागू पडते. फ्लॉरिडा राज्याने 1993 साली यासाठी स्वतःचा निधीही उभारला. शिवाय वादळी नुकसानीचा पहिला वाटा घरमालकालाच सोसावा लागतो. पुराच्या पाण्याचा विमा तर निराळाच घ्यावा लागतो!

पण घर पडलेच नाही तर? इथे आपले पदार्थविज्ञान कामी येते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 130 किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे 80 किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतो. अँड्र्यूचा वेग ताशी सुमारे 265 किलोमीटर होता. वेग दुप्पट, रेटा चौपट! छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब घटतो. त्यातच खिडकी फुटली, की आत घुसलेला वारा छपराला खालून ढकलतो.

म्हणून फ्लॉरिडात घराची तपासणी करणारा माणूस विजेरी घेऊन थेट माळ्यावर चढतो. छपराचे वासे भिंतीला नुसत्या खिळ्यांनी ठोकले आहेत, की त्यांवरून पोलादी पट्टी घेऊन ते जखडले आहेत, हे तो पाहतो. पट्टी असेल, खिडक्यांना भक्कम झडपा असतील, तर हप्त्यात सूट द्यावी, असा तेथे कायदाच आहे.