शिडाच्या नौकेचे इंजिन आणि उष्णतेचा बंदोबस्त

शिडाच्या नौकेवरील डिझेल इंजिन मुळात दुय्यम चाकरीचे. वारा पडला, बंदराची अरुंद वाट आली किंवा बॅटऱ्या भरून घ्यावयाच्या झाल्या, म्हणजे त्यास कामास लावावयाचे आणि काम होताच बंद करावयाचे, असा त्याचा क्रम असल्यामुळे तापमानाचा काटा लाल रेषेकडे झुकेपर्यंत त्याच्या प्रकृतीची चौकशी सहसा होत नाही. अतितापाची ही धास्ती रास्तच आहे. परंतु अशा इंजिनाचा क्षय पुष्कळदा अपुऱ्या उष्णतेने होतो, आणि तो निमूटपणे, कोणताही इशारा न देता होत असल्यामुळे मला अधिक घातक वाटतो.

डिझेलच्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांशच प्रत्यक्ष कामी येते. उरलेली उष्णता धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर घालवावी लागते. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत समुद्राचे पाणी थेट यंत्राच्या अंगातून खेळवीत. पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळलेले राहत नाहीत आणि अंघोळीच्या बंबात धरावा तसा त्यांचा थर आतल्या मार्गांत धरतो. म्हणून अशा इंजिनाचे तापमान साठ अंशांच्या आतच ठेवणे प्राप्त होते. नव्या पद्धतीत इंजिनात गोडे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण बंदिस्त फिरते, आणि समुद्राचे पाणी त्याची उष्णता उष्णता-विनिमयकात बाहेरच्या बाहेर काढून घेते. त्यामुळे इंजिनास पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी अंशांवर, म्हणजे त्यास मानवणाऱ्या उष्णतेवर, चालण्याची मुभा मिळते.

या तापमानाचे नियमन थर्मोस्टॅटकडे असते. त्यातील मेण ठरावीक अंशांवर वितळून प्रसरण पावते व झडप उघडते. इंजिन थंड असेपर्यंत मात्र ती मिटलेली राहते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा नौकेखालचे पाणी अरबी समुद्रातील कोमट पाण्यापासून केप हॉर्नजवळच्या बर्फगार पाण्यापर्यंत पालटत गेले. एवढ्या तफावतीतही नौकेच्या इंजिनाचे तापमान जागच्या जागी राखणे, हे ज्या लहानशा झडपेचे काम, तीच ‘इंजिन तापते’ म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कित्येक धक्क्यांवर बिनदिक्कत दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

कारण थंड सिलिंडरात इंधन पुरते जळत नाही. न जळलेले थेंब पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली उतरून वंगणतेल पातळ करतात. ज्वलनातून उपजलेल्या वाफेचे थंड भिंतींवर पाणी होते, ते इंधनातील गंधकाशी मिळते आणि आम्ल तयार होते. सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन इंजिन तेल खाऊ लागते. नांगर टाकून केवळ बॅटऱ्यांसाठी इंजिन तासन्‌तास मंद गतीने फिरवीत ठेवणे, ही या साऱ्या विकारांची जननी होय. इंजिनावर पुरेसा भार द्यावा, आणि दीर्घकाळ मंद चालवावेच लागले, तर त्यानंतर नौका काही वेळ चांगल्या वेगाने हाकावी, हाच त्यावर उपाय.

अतितापाचा तपास मात्र बहुधा समुद्राच्या पाण्यापासूनच सुरू करावा. नौकेच्या मागे धुराबरोबर पाणी फेकले जात आहे की नाही, हे इंजिन सुरू होताच पाहण्याची सवय असावी. ते मंदावले, तर तळाची तोटी मिटलेली आहे काय, गाळणीत शेवाळ वा प्लॅस्टिक अडकले आहे काय, हे आधी पाहावे, आणि मग पंपातील इम्पेलर तपासावा. पाणी अजिबात येत नसल्यास इंजिन तत्काळ बंद करून शिडे उभारावीत. ही सोय अन्य नौकांना नसते. इंजिन निवेपर्यंत गोड्या पाण्याच्या दाबाखालच्या टाकीचे झाकण उघडू नये. उसळलेले पाणी अंग भाजून काढते. इम्पेलरचे रबरी पंख तुटलेले आढळले, तर नवा बसवून काम संपत नाही: किती पंख गेले याची मोजदाद करून प्रत्येक तुकडा नळ्यांतून व उष्णता-विनिमयकाच्या तोंडातून हुडकून काढावा. एखादा मागे राहिला, तर नवा इम्पेलर असूनही पाण्याची वाट अडते आणि काटा पुन्हा चढतो.