एका सुरावटीचे मालक किती?

‘बिटर स्वीट सिम्फनी’ हे गाणे नावाने ओळखत नाहीत अशांनाही त्याची सुरुवात ऐकवली तर ‘हे कुठेतरी ऐकलंय’ असे वाटते. व्हायोलिनची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा फिरत राहते, तिच्यावर ढोल चढतात आणि मग गायकाचा काहीसा थकलेला आवाज येतो. ‘द व्हर्व’ या इंग्लंडमधल्या विगन गावच्या बँडने हे गाणे जून १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटनच्या विक्रीयादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, पुढच्या वर्षी अमेरिकेत बाराव्या. शब्द लिहिणारा आणि गाणारा रिचर्ड ॲशक्रॉफ्ट. तरीही पुढची बावीस वर्षे या गाण्याच्या लेखनाचे मानधन त्याला मिळाले नाही.

याचे कारण समजायला रेकॉर्डच्या धंद्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एका तबकडीवर दोन निरनिराळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द यांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. ‘बिनाका’च्या काळात वाढलेल्या आपल्या पिढीला गाणे म्हणजे एकच वस्तू वाटते, कायद्याला तसे वाटत नाही. जुन्या तबकडीतला तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवायचा (याला ‘सॅम्पल’ म्हणतात) तर दोन्ही मालकांची परवानगी लागते.

व्हर्वने तुकडा उचलला तो ‘द लास्ट टाइम’ या गाण्याच्या वाद्यवृंदातील आवृत्तीतून. मूळ गाणे रोलिंग स्टोन्सचे, १९६५ चे, मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांच्या नावावर. स्टोन्सचे तेव्हाचे व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांनी त्यांच्या गाण्यांची वाद्यवृंदावर एक तबकडी काढली होती. ती व्हायोलिनची ओळ तिथली. व्हर्वने तिच्यावर स्वतःचे बरेच काम केले. विल मलोन यांनी नव्याने तंतुवाद्यांची साथ लिहिली, ढोल-गिटारचे थर चढले. ध्वनिमुद्रण डेक्का कंपनीचे होते, तिची परवानगी मिळाली. रचनेचा हक्क मात्र ॲलन क्लाइन यांच्या ‘ॲबको’ कंपनीकडे होता, आणि घोडे तिथे अडले.

क्लाइन हे स्टोन्सचे माजी व्यवस्थापक. पेशाने हिशेबनीस. साठच्या दशकातल्या स्टोन्सच्या गाण्यांचे हक्क त्यांनी असे काही आपल्याकडे घेतले की जॅगर-रिचर्ड्स यांनाही त्यांच्याविरुद्ध कोर्टात जावे लागले होते. असा माणूस सहज सोडणार नव्हता. अल्बम बाजारात जायच्या बेतात असताना वाटाघाटी झाल्या. ॲशक्रॉफ्टला शब्दांबद्दल हजार डॉलर मिळाले, रचनेचे सगळे उत्पन्न ॲबकोकडे गेले आणि श्रेयात जॅगर-रिचर्ड्स आले. पुढे हे गाणे नाइके बुटांच्या जाहिरातीत वाजले.

गंमत अशी की त्याच आठवड्यात व्हर्वला पहिल्या क्रमांकापासून रोखणारे गाणेही उसन्या सुरावटीवर उभे होते. पफ डॅडीचे ‘आय विल बी मिसिंग यू’ हे ‘पोलीस’ या बँडच्या जुन्या गाण्यावर बेतलेले. तिथे कानाला भिडते ती अँडी समर्स यांची गिटार. पण रचनाकार म्हणून नोंद एकट्या स्टिंगची, त्यामुळे रचनेचा पैसा स्टिंगकडे.

व्हर्वच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. स्टोन्सचे मूळ गाणे मी मुद्दाम अनेकदा ऐकले. ते ऐकून कोणाला सहजासहजी व्हर्वचे गाणे आठवेल असे मला वाटत नाही. शिवाय त्या मूळ गाण्याचाही पूर्वज आहे: स्टेपल सिंगर्स या कृष्णवर्णीय कुटुंबाने पन्नासच्या दशकात ध्वनिमुद्रित केलेले एक पारंपरिक भक्तिगीत. त्याचे ऋण रिचर्ड्स यांनी स्वतः मान्य केले आहे. त्या ऋणाची नोंद मात्र श्रेयात नाही.

मग ती व्हायोलिनची ओळ कोणाची? ओल्डहॅम यांच्या तबकडीसाठी वाद्यवृंदाची मांडणी केली होती डेव्हिड व्हिटेकर यांनी. आपल्याकडे ज्याला संगीत संयोजक म्हणतात, ते काम. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा कागदावर उतरवत, हे जाणकारांना ठाऊक आहे. तबकडीवर संगीतकार म्हणून नाव मात्र शंकर-जयकिशन यांचेच. चाल बांधणारा मालक आणि ती सजवणारा रोजंदार, ही विभागणी लंडनमध्येही तशीच होती. मूळ चालीत नसलेली एखादी ओळ संयोजकाने घातली आणि पुढे तीच लोकांच्या तोंडी बसली, तर काय करायचे याचे उत्तर या व्यवस्थेकडे नाही.

क्लाइन २००९ मध्ये वारले. दहा वर्षांनी, मे २०१९ मध्ये, आयव्हर नॉव्हेलो पुरस्कारांच्या वेळी ॲशक्रॉफ्टने जाहीर केले की जॅगर आणि रिचर्ड्स यांनी या गाण्यातला आपला वाटा त्याच्या नावे केला आहे. क्लाइन यांचा मुलगा आणि स्टोन्सच्या व्यवस्थापक यांच्यामार्फत बोलणी झाली होती. ॲशक्रॉफ्टने दोघांचे मनापासून आभार मानले. त्यांच्याशी आपले भांडण कधी नव्हतेच, असेही सांगितले. उत्पन्न मिळणार होते ते तिथून पुढचे.

व्हिटेकर तोवर, २०१२ मध्येच, गेले होते. हक्क परत करण्याच्या या व्यवहारात त्यांचे नाव कुठेही नव्हते.