तंबोरा वाजतोय, पण गेममध्ये

उद्या सबमिशन आहे आणि तुम्ही ‘फक्त एक टर्न’ म्हणत रात्री दोनपर्यंत ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळताय. आता सांगा, या चार तासांत मागे काय वाजत होतं? आठवत नसेल, तर संगीतकाराचं काम फत्ते!

शूटिंगच्या गेममध्ये संगीत अंगावर येतं. स्ट्रॅटेजी गेमचं उलटं. तुम्ही हिशेबात असता: धान्य किती, सैन्य कुठे, शेजारी दगा देईल का. तिथे ठसठशीत चाल आली की डोकं चालेनासं होतं आणि पन्नासाव्यांदा तीच वाजली की थेट म्यूट. म्हणून अशा संगीतात शब्द सहसा टाळतात, ठेका मागे ठेवतात, एखादा लांब स्वर धरून ठेवतात. आपल्याला हे नवं नाही. ‘सवाई’ला तंबोऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, पण तो थांबला तर गाणं उघडं पडतं.

२०१६ साली आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये जेफ नॉर आणि सहकाऱ्यांनी एकेका संस्कृतीची धून घेऊन तिची काळानुसार चार रूपं केली: प्राचीन, मध्ययुगीन, औद्योगिक आणि अणुयुगातलं. सुरुवातीला मोजकी वाद्यं, पुढे भरगच्च ऑर्केस्ट्रा. भारताची धून आहे ‘वैष्णव जन तो’. गांधीजींना ती शोभते. पण २०१८च्या विस्तारात चंद्रगुप्त मौर्य आला, त्याच्याही मागे हीच! पद पंधराव्या शतकातल्या नरसी मेहतांचं, सम्राट इसवी सनापूर्वीचा. अख्ख्या देशाला एकच धून दिली की असं होणारच.

मराठे तर २००९च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्येच खेळता येतात; तो गेम ब्रिटनमधला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ आणला. तो स्ट्रॅटेजी नाही, ॲक्शन प्रकारातला आहे, पण कथा भारतीय पुराणांची आणि संगीतकार ग्रीक, लिनोस त्झेलोस. परदेशी माणसाने करू नये असं नाही. पण उद्या मावळावर स्ट्रॅटेजी गेम निघाला, तर त्याचा आवाज ठरवायला आपल्यातलं कोण तयार आहे?

भोरहून वरंध घाटाकडे निघालात की नीरा देवघर धरणाच्या परिसरात हिर्डोशी लागतं. हा हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभूंचा. गेम इथला म्हटल्यावर पहिला मोह होईल तो ढोल-ताशे आणि तुतारीचा. चार तास तुतारी? कान किटतील. इथला तंबोरा म्हणजे पाऊस. भाताच्या खाचरात तो वेगळा वाजतो, पत्र्यावर वेगळा, झाडीत वेगळा. आणि युगांऐवजी ऋतू धरले तर इतिहासही जुळतो. पावसाळ्यात सैन्य घरी, शेतीवर. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मग मोहीम. (घोडखिंडीची लढाई मात्र भर जुलैतली, १६६०ची.) म्हणजे पावसाच्या टर्नमध्ये नुसती संततधार आणि बेडूक, दसऱ्याच्या टर्नला लांबून संबळ, मग एकदाच तुतारी. तेव्हा ती खरंच अंगावर काटा आणेल.

सुरुवातीला फोन पुरतो. वाऱ्याकडे पाठ करा, माइकवर पातळ फडकं धरा, दहा मिनिटं कुणी बोलू नका. ऋतूप्रमाणे आवाज बदलायला ‘एफमॉड’ आहे, शिकण्यापुरतं फुकट. आणि हो, निघण्याआधी वरंध घाट सुरू आहे का बघा. पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद असतो. हिर्डोशी त्याच्या अलीकडेच आहे म्हणा.