जुन्या वेलीची ड्राय व्हाइट

जुन्या सागाचं मोल लकडगंजाच्या लाकूडबाजारात कुणाला सांगायला नको, द्राक्षवेलीचंही तसंच. वेल म्हातारी झाली की घड कमी धरते आणि रस दाट उतरतो. दक्षिण आफ्रिकेत 35 वर्षांवरच्या बागांच्या वाइनला खास शिक्का मिळतो, बाटलीच्या गळ्यावर चक्क लागवडीचं वर्ष! तिथली शेनिन ब्लाँ द्राक्षांची ड्राय वाइन जरूर चाखा. फळाचा वास मंद, जिभेवर भरीवपणा, मागे आंबटपणाची स्वच्छ धार, आणि चव बराच वेळ रेंगाळते.

नाशिकला सुला या वाइन कंपनीने 1997 मध्ये हीच जात लावली. पण आपल्याकडे एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशी दोनदा छाटणी, कडक हिवाळा नाही. वेलीला विश्रांतीच मिळत नाही, ती फार वर्षं टिकत नाही. म्हणून टिकलेल्या जुन्या बागा उपटू नयेत, असं मनापासून वाटतं.

बाटली बर्फगार करू नका, 10-12 अंश पुरे.