नुसते जिंकणे पुरेसे आहे काय?

हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांनी कुरकुर करावी यात नवल नाही. परंतु जिंकणाऱ्या संघाचेच पाठीराखे जेव्हा ‘जिंकलो खरे, पण खेळ रंगला नाही’ अशी तक्रार करू लागतात, तेव्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही क्षणभर थबकावे लागते. ज्याने तिकिटाचे पैसे मोजले त्याला नेमके काय विकत घ्यावयाचे होते? विजय हवा असेल, तर तो पदरात पडला. मग तक्रार कशाबद्दल? आपल्याकडे हा प्रश्न गेल्या दशकभरात गोव्याच्या फुटबॉलने जितक्या ठळकपणे पुढे आणला तितका क्वचितच कोणी आणला असेल.

गोव्याच्या प्रेक्षकाला खेळातले काय कळते, असे म्हणण्याची सोय नाही. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत देशाचे फुटबॉल विजेतेपद सात वेळा गोव्यात गेले. त्यांपैकी पाच वेळा ते एकट्या धेंपो क्लबने मिळविले. चर्चिल ब्रदर्स व साळगावकर यांनी एकेकदा. उरलेले एक तेवढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडच्या वाट्यास आले. अशा विजयांवर पोसलेल्या प्रेक्षकापुढे २०१४ साली एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला. पहिली तीन वर्षे ब्राझीलचा झिको त्याचा प्रशिक्षक होता. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा हा स्पॅनिश प्रशिक्षक आला आणि चेंडू आपल्याच पायांशी ठेवून, छोट्या छोट्या पासांनी प्रतिपक्षाची फळी उलगडत नेण्याचा खेळ त्याने रुजविला. पहिल्या हंगामात साखळीतील अठरा सामन्यांत ४२ गोल, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात ४६! कोरोमिनास या आघाडीच्या खेळाडूने पहिल्याच हंगामात १८ गोल केले. फातोर्ड्याच्या मैदानावर येणाऱ्याला पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळत होते, यात शंका नाही.

पण लीगचा चषक मिळत नव्हता. २०१५ च्या डिसेंबरात, झिकोच्या काळात, घरच्याच मैदानावर अंतिम सामना नव्वदाव्या मिनिटास येऊन ठेपला तेव्हा गोवा २-१ असा पुढे होता. तो चेन्नईने ३-२ असा जिंकला. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत बंगळुरूने जादा वेळेतील एकमेव गोलवर अंतिम सामना नेला. जानेवारी २०२० अखेर संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना लोबेरा यांना निरोप देण्यात आला. संघाने त्यानंतरही ३९ गुणांसह साखळीत पहिला क्रमांक पटकावला, जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० असे नमविले आणि आशियाई चँपियन्स लीगच्या गटसाखळीत थेट स्थान मिळविणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मिळविला. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईकडून पहिला सामना १-४ असा गमावून, दुसरा ४-२ असा जिंकूनही, एका गोलाने बाहेर पडावे लागले. दोन सामन्यांत अकरा गोल! याहून अधिक करमणूक ती कोणती? आणि तरीही हळहळच.

‘सुंदर खेळाचे काय लोणचे घालावयाचे?’ हा एक पक्ष झाला. मराठी माणसाला तो परका नाही. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक आपल्याकडे ठेवणाऱ्या मुंबईच्या क्रिकेटने ‘खडूस’ हे विशेषण शिवी म्हणून नव्हे, पदवी म्हणून मिरविले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, चषक एकाच संघाला मिळावयाचा असतो; बाकीच्यांच्या पाठीराख्यांनी वर्षभर मैदानावर यावे ते कशासाठी? मला हा दुसरा पक्ष अधिक बळकट वाटतो, आणि त्याचे कारण सौंदर्यशास्त्रात नसून अर्थशास्त्रात आहे.

साबण आवडला नाही तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेते. दुकानदाराशी वाद घालीत बसत नाही. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झाले की मंडई भरते, गावोगाव रात्रभर नाटके होतात, तिकीट काढून माणसे थंडीत शेकडोंनी बसतात. नाटक पडले, तर गाव पुढच्या वर्षी वडशाहून दुसरी मंडळी बोलावते. तिथेही हिशेब चोख. आमच्या कुडव्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी मोबाइलवर युरोपातील सामने पाहतात; त्यांची निष्ठाही याच जातीची. गेल्या वर्षी बार्सिलोना, यंदा मँचेस्टर. कुडव्यात बसून संघ बदलण्यास काही खर्च येत नाही. (यावरून वर्गात होणारे वाद मी ऐकले आहेत, ते तासाभरात मिटतात.) मडगावच्या माणसाला मात्र संघ बदलता येत नाही. खेळ कंटाळवाणा झाला म्हणून तो उद्यापासून बंगळुरूचा पाठीराखा होणार नाही. त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: बोलणे किंवा घरी बसणे.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमका हाच पेच मांडला होता. संस्थेचा दर्जा घसरू लागला की लोक एक तर तिला सोडून जातात किंवा तक्रार करून तिला सुधारू पाहतात. आणि निष्ठा असेल तर सोडून जाण्याआधी ते बोलून पाहतात. त्याचे खरे मर्म पुढेच आहे. सोडून जाणाऱ्यांत सर्वप्रथम असतात ते दर्जाबद्दल सर्वांत जागरूक असलेले लोक. नायजेरियातील रेल्वे बिघडली तेव्हा ज्यांनी आरडाओरडा केला असता ते व्यापारी आपला माल ट्रकने नेऊ लागले आणि रेल्वे निवांतपणे बिघडत राहिली. आमच्या शिक्षकबंधूंना हे सांगावयास नकोच. जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन ‘गणित नीट का शिकवीत नाही’ म्हणून विचारणारा पालक मुलाला घेऊन इंग्रजी शाळेत निघून गेला की मागे राहणारी शांतता ही समाधानाची शांतता नसते.

फुटबॉलच्या मैदानावरही तेच घडते. कसा खेळलो, यावर भांडणारा प्रेक्षक हा संघाचा सर्वांत फुकटचा आणि सर्वांत मौल्यवान परीक्षक होय. निकालावरच समाधान मानणारा मनुष्य वर्तमानपत्रातील आकडा वाचून तृप्त होतो. त्याला मैदानावर येण्याची गरजच नसते. नव्वद मिनिटे पाहावयास येतो तो दुसरा. त्याला ‘जिंकलो ना? मग गप्प बसा’ असे सांगणे म्हणजे हर्शमनच्या रेल्वेने उरलेल्या प्रवाशालाही स्थानकाबाहेरचा ट्रक दाखविण्यासारखे आहे.

मात्र रंगतदार खेळ म्हणजे पुष्कळ गोल, हे समीकरण तितकेसे खरे नाही. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी २.२१ एवढेच गोल झाले आणि त्या कंटाळ्यावर उपाय म्हणून १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास बंदी झाली; विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची पद्धतही १९९४ च्या विश्वचषकात आली. हे बदल मला योग्य वाटतात, कारण त्यांनी वेळकाढूपणावर दंड बसविला. पण त्याच १९९४ साली ब्राझीलने अंतिम सामना ०-० नंतर पेनल्टींवर जिंकला, आणि १९८२ मध्ये इटलीकडून २-३ असा हरलेला ब्राझीलचा संघ मात्र जगभर अजूनही आठविला जातो.

गोव्याचाच दाखला घ्या. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चँपियन्स लीगमधील पहिल्या सामन्यात एफसी गोवाने कतारच्या अल रय्यानला ०-० असे रोखले. त्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबने मिळविलेला तो पहिला गुण. एकही गोल नसलेल्या त्या सामन्याला कोणी नीरस म्हणू शकेल काय? प्रतिपक्ष प्रबळ होता, संघ निर्धाराने उभा होता आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत काय होईल ते सांगता येत नव्हते. प्रेक्षक क्षमा करीत नाही ती भित्रेपणाला. आपल्यापेक्षा दुबळ्यासमोर एक गोल करून उरलेला तासभर चेंडू कोपऱ्यात नेऊन ठेवणे हा त्याला आपल्या पैशांचा अपमान वाटतो.

येथे आपल्या लीगच्या रचनेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये तळाचा संघ खालच्या वर्गात ढकलला जातो. त्या भीतीपोटी तो कसेबसे बरोबरी साधण्यासाठी खेळला तर त्याचा राग येतो, पण कारण समजते. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये मात्र २०१४ नंतरच्या पहिल्या दशकात तळाला राहिले म्हणून कोणालाही खाली जावे लागले नाही. ज्याला पडण्याची भीती नाही त्याने जपून पाऊल का टाकावे? तेव्हा या लीगमध्ये भित्रा खेळ खेळणाऱ्या संघाची सबब इंग्लंडमधील संघाहून अधिक लंगडी ठरते.

अर्थात प्रेक्षकाचे बोलणे ऐकतो कोण, हा प्रश्न उरतोच. जुलै २०२५ मध्ये लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला, तो महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यातील कराराचा पेच होता. त्यात प्रेक्षक कोठेही पक्षकार नव्हता. मालकाला मैदानावरील हजार माणसांपेक्षा प्रायोजक आणि प्रक्षेपणाचा हक्क घेणारी वाहिनी अधिक जवळची वाटावी, हे हिशेबाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. तरीही वाहिनीला विकावयाचा असतो तो भरलेल्या मैदानाचा आवाजच.

तो आवाज नसेल तर काय होते, हेही गोव्याने पाहिले आहे. लोबेरा गोव्याहून गेले ते मुंबई सिटीकडे. त्यांच्याबरोबर अहमद जाहू, मोर्तादा फॉल, ह्युगो बुमूस आणि गोव्याचाच भूमिपुत्र मंदार राव देसाई हेही त्या संघात गेले. साथीमुळे २०२०-२१ चा सारा हंगाम गोव्यातच खेळविला गेला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर बाहेर काढले आणि १३ मार्च २०२१ रोजी कोलकात्याच्या संघाला २-१ असे हरवून चषक उचलला. गोव्याने तीन वर्षे वाखाणलेला प्रशिक्षक, त्याचे तेच शिलेदार, मैदानही फातोर्ड्याचेच. अंगावरचा रंग तेवढा दुसऱ्याचा होता, आणि मैदानाभोवतीची एकही खुर्ची भरलेली नव्हती.