मत्स्यालयातील पंपाचा ध्वनी

मत्स्यालयाखालील टाकीतून पाणी वर चढविणाऱ्या पंपाची घरघर हा केवळ माणसाच्या कानांचा प्रश्न नव्हे. भारतात वीजप्रवाहाची आवर्तने सेकंदास 50 असल्याने, त्यावर थेट चालणाऱ्या चुंबकी पंपात मुख्यतः 100 आवर्तनांचे कंपन उद्भवते. रोहू, गोल्डफिश आदी माशांत वाताशयाची कंपने अंतःकर्णास पोहोचविणारी अस्थिकांची साखळी असते. वेबर यांनी 1820 मध्ये तिचे वर्णन केले. अशा माशांना ही घरघर ऐकू येते व त्यांच्या श्रवणाविषयीचे प्रयोग दूषित होऊ शकतात.

यासाठी पंप काचेस न टेकविता स्पंजावर ठेवावा, ताठ नळीत सिलिकोनचा लवचिक तुकडा जोडावा आणि पंप हवा ओढणार नाही इतकी पाण्याची पातळी राखावी. पाणी व हवा यांच्या सीमेवर बहुतांश ध्वनी परावर्तित होतो. म्हणून खोलीतील शांततेवरून पाण्यातील शांतता गृहीत धरू नये.